रबराची एजिंग टेस्ट: चुका ओव्हनमध्ये कमी, ओव्हनच्या बाहेर जास्त

मागच्या मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला एक ओळखीचा मोल्डर गॅस्केटची पिशवी घेऊन आला. सात दिवस ७० अंशांवर ठेवून आणलेला माल. शोअर (कडकपणा मोजायचं साधन) लावला, ७१ आला. विचारलं, आधी किती होता? तर म्हणाला, "भाऊ, सारेच टाकले ना ओव्हनमंदी. आधीचं कोनी मोजलं?"

सात दिवसांची वीज गेली, माल गेला, हाती उरला एक आकडा, आणि त्या एकट्या आकड्याला काही अर्थ नाही. एजिंग टेस्ट म्हणजे रबर मुद्दाम झपाट्याने जुनं करून केलेली तुलना. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, यातला फरक हाच निकाल. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेले बहुतेक फसलेले रिपोर्ट ओव्हन खराब होता म्हणून फसलेले नव्हते. कुणी पहिलं माप घेतलं नव्हतं, कुणी गरम तुकडा लगेच मोजला होता, कुणी टक्केवारी चुकवली होती. छोट्या युनिटमध्ये, जुजबी साधनांत ही टेस्ट धड कशी करायची ते टप्प्याटप्प्याने लिहितो. आधार आयएस ३४०० भाग ४ आणि आयएसओ १८८ या मानकांचा आहे, पण तुमच्या पार्टीच्या (ग्राहकाच्या) ड्रॉइंगवर काही वेगळं लिहिलं असेल तर तेच अंतिम.

१. आधी ठरवा, रबराचा शत्रू कोण

रबर "जुनं होतं" म्हणजे एकच गोष्ट होत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून आतली साखळी तोडतात किंवा नव्या गाठी मारतात. साखळ्या तुटल्या की रबर मऊ, शेवटी चिकट होतं. गाठी वाढल्या की कडक आणि ठिसूळ. नॅचरल रबरात दोन्ही चालतं, पण शेवटी बहुधा मऊपणा जिंकतो. नायट्राइल आणि एसबीआर ही कृत्रिम रबरं कडक होत जातात.

ओझोनचा मार्ग वेगळा. तो ताणलेल्या रबरालाच धरतो आणि पृष्ठभागावर भेगा पाडतो. आतलं रबर तसंच राहतं. त्यामुळे ओव्हनमध्ये छान पास झालेला नॅचरल रबराचा पट्टा उघड्यावर ताणून ठेवला तर काही आठवड्यांत तडकू शकतो. तिसरा प्रकार दबून बसण्याचा: गॅस्केट मोजायला ठीक लागतं, पण बोल्ट ढिला केला की परत फुगत नाही.

म्हणून पार्ट कुठे बसणार ते आधी विचारा. फ्लँजमधलं गॅस्केट असेल तर कम्प्रेशन सेट (दबून बसण्याची टेस्ट) हवाच. उघड्यावरचा होज किंवा खिडकीचं बीडिंग असेल तर ओझोन. इंजिनाजवळचा पार्ट असेल तर गरम हवा, आणि तेल लागत असेल तर तेलात बुडवून वेगळी टेस्ट. सगळ्यांना सरसकट "७० डिग्री, सात दिवस" लावणं ही पहिली चूक.

२. सँपल तयार करणं

इथे घाई करू नका, निम्मा निकाल इथेच ठरतो.

मोल्डमधून काढलेल्या शीटला किमान १६ तास विश्रांती द्या, मगच माप. संध्याकाळी काढलेली शीट रात्री आठला शोअरखाली धरली तर जो आकडा येईल तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. शीट २ मिमी जाडीची, आणि त्याच कंपाउंडची (रबराच्या मिश्रणाची), त्याच बॅचची, पार्टला जितका क्युअर दिला (मोल्डमध्ये शिजवलं) तितक्याच क्युअरची. दाखवायला म्हणून वेगळी, जास्त वेळ शिजवलेली शीट बनवणारे लोक मी पाहिलेत. ते पार्टीला फसवत नाहीत, स्वतःला फसवतात.

डंबेल (मधे अरुंद, टोकांना रुंद अशी पट्टी) कापताना डाय धारदार हवी आणि एकाच दाबात कापलं जायला हवं. दुसऱ्यांदा ठोकलं की कडेला बारीक खाच पडते, आणि टेन्साइलला (ओढून तोडायच्या टेस्टला) डंबेल तिथूनच तुटतो. मिलमधून (रबर लाटायच्या रोलरांतून) शीट ज्या दिशेने निघाली ती दिशा सगळ्या डंबेलना सारखीच ठेवा. निम्मे उभे, निम्मे आडवे कापले तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत जो फरक दिसेल तो एजिंगचा नसेल, दिशेचा असेल.

संख्या: आधीसाठी पाच, नंतरसाठी पाच, आणि दोन जास्तीचे. कडकपणासाठी त्याच शीटचे तीन चौकोनी तुकडे वेगळे ठेवा. एकावर एक रचले की ६ मिमी होतात, शोअर ए ला तेवढी जाडी लागतेच. ६ मिमीचं जाड बटण ओव्हनमध्ये टाकण्यापेक्षा २ मिमीचे तुकडे टाकून मोजताना रचणं बरं, कारण जाड तुकड्याच्या पोटापर्यंत ऑक्सिजन नीट पोचत नाही.

सावधान: तुकडे ओळखू यावेत म्हणून डंबेलच्या मधल्या अरुंद भागावर पेनने काही लिहू नका. शाईतली काही रसायनं एजिंगवर परिणाम करतात. खूण रुंद टोकाला, आणि लांबी मोजायच्या दोन रेघा ओव्हनमधून काढल्यावरच मारायच्या.

३. पहिलं माप, ज्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ

ओव्हनला हात लावण्याआधी रजिस्टर उघडा. प्रत्येक डंबेलची जाडी मोजून लिहा, ओव्हनमध्ये जाणाऱ्यांचीही. नंतरच्या टेन्साइलचा हिशेब या आधीच्या जाडीवरच करायचा असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मग शोअर. दाब दिल्यावर ३ सेकंदांनी आकडा वाचा, काटा थरथरतोय म्हणून दहा सेकंद थांबू नका. कडेपासून १२ मिमी आत, दोन जागांमध्ये किमान ६ मिमी अंतर, पाच जागी माप, आणि त्या पाचांतला मधला आकडा घ्या. सरासरी नव्हे, मधला. आधी ज्याने मोजलं त्यानेच नंतर मोजावं. हातात धरून मोजणाऱ्या दोन माणसांत दोन-तीन पॉइंटचा फरक सहज पडतो, आणि कित्येकदा अख्खी मर्यादाच पाच पॉइंटची असते.

आता नागपूरची अडचण. प्रमाण तापमान २३ किंवा २७ अंश, अधिक-उणे २. मेमध्ये शेडमध्ये चाळीस असतं. गरम रबर मऊ लागतं, त्यामुळे दुपारी दोनला घेतलेलं पहिलं माप आणि सकाळी सातला घेतलेलं दुसरं माप यांची तुलना होत नाही. कूलरसमोर टेबल लावून काम भागत नाही, कारण कूलरची हवा बाहेरच्या हवेसोबत वरखाली होते. एसी असलेली एक छोटी खोली, मग ती मालकाची केबिन का असेना, दोन्ही वेळा तीच वापरा. तुकडे आत नेऊन किमान तीन तास ठेवा, मग मोजा.

टेन्साइल मशीन तुमच्याकडे नसेल तर आधीचे पाच डंबेल बाहेरच्या लॅबमध्ये पाठवाल. ते सपाट पुठ्ठ्यात न्या. गुंडाळी करून रबरबँड लावून नेऊ नका, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बुटीबोरीहून शहरात येईपर्यंत डॅशबोर्डवर वेगळीच एजिंग टेस्ट होऊन जाते.

तपासा: जाडी, शोअर, टेन्साइल, इलाँगेशन (तुटेपर्यंत किती टक्के ताणतं), खोलीचं तापमान, तारीख, मोजणाऱ्याचं नाव. सातही रकाने भरल्याशिवाय ओव्हनचं दार उघडायचं नाही.

४. ओव्हन

ओव्हन हवेचा हवा, आणि हवा बदलणारा हवा: तासाला ३ ते १० वेळा. वेल्डिंग रॉड सुकवायचा ओव्हन चालत नाही, कारण त्यात हवा कोंडलेली असते. पेंट बेक करायचा ओव्हनही नको, त्याच्या भिंतींत सॉल्व्हंट मुरलेलं असतं. आणि हे लिहायची वेळ आली म्हणून लिहितो: हिवाळ्यात त्यात जेवणाचे डबे गरम करू नका. भाजीच्या तेलाची वाफ रबराला लागते. आमच्या शेडमध्ये हे घडलेलं आहे, ओव्हनला सावजीचा वास महिनाभर होता.

तापमान बाहेरच्या डिस्प्लेवर विसंबून ठरवू नका. वेगळा, तपासून आणलेला थर्मामीटर आत ठेवून चार कोपरे आणि मध्य असं मोजा. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. अख्ख्या शहराचा सेन्सर चुकतो, तिथे तुमच्या ओव्हनचा काय भरवसा? १०० अंशांपर्यंतच्या टेस्टला अधिक-उणे १ अंशाचीच मुभा आहे. दर १० अंशांमागे झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ ठोकताळा धरला, तर ३ अंशांच्या चुकीने वेग वीस टक्क्यांहून जास्त बदलतो. नापास झालेला माल कदाचित पास असेल, आणि उलटही.

तुकडे ठेवताना:

ओव्हन आधी तापवून स्थिर करा, मग तुकडे आत. थंड ओव्हनमध्ये तुकडे ठेवून स्विच टाकला तर वेळ कधीपासून मोजायची?

तुकडे टांगा, जाळीवर आडवे टाकू नका. एकमेकांपासून किमान १० मिमी, भिंतीपासून ५० मिमी. सगळ्या तुकड्यांचं मिळून आकारमान आतल्या मोकळ्या जागेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको.

टांगायला स्टेनलेसची तार. तांब्याची तार चुकूनही नको. तांबं नॅचरल रबराचं विष आहे, ऑक्सिडेशन भराभर वाढवतं. शेडमध्ये सगळ्यात सहज हाती लागते ती इलेक्ट्रिशियनने सोलून टाकलेली तांब्याची तार, आणि म्हणूनच ही चूक वारंवार होते. एकदा अशाच तारेवर टांगलेले डंबेल पाहिले होते: बाकी भाग ठीक, पण तार जिथून ओवली होती तिथे भोकाभोवती चण्याएवढा काळपट, चिकट डाग. नख लावलं तर नखाला चिकटत होता.

दोन वेगवेगळी कंपाउंड एकत्र ठेवू नका. एका रबरातलं सल्फर, अँटिऑक्सिडंट किंवा तेल उडून दुसऱ्यावर बसतं. स्वस्त कंपाउंड महागड्याच्या शेजारी ठेवल्यामुळे चांगलं निघाल्याचे आणि महागडं बिघडल्याचे किस्से या धंद्यात खूप आहेत. ओव्हन एकच असेल तर पाळी लावा. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण तो मोडल्याचं कुठे दिसत नाही.

५. तापमान आणि वेळ निवडणं

नॅचरल रबराला बहुधा ७० अंश, नायट्राइलला १००, ईपीडीएम या कृत्रिम रबराला त्याहून वर. वेळ २४, ७२ किंवा १६८ तास. "१६८ तासांना वेळ नाही, १२५ वर एक दिवस टाकतो" असं म्हणणारा दर महिन्याला एक तरी भेटतो. नॅचरल रबर १२५ वर टाकलं तर बाहेरची कातडी ऑक्सिजन इतक्या वेगाने खाते की आतपर्यंत तो पोचतच नाही. वर कडक पापुद्रा आणि आत जवळजवळ ताजं रबर. असा तुकडा वाकवून पाहा: वरचा थर कडकड तडकतो आणि आतला रंग वेगळा दिसतो. प्रत्यक्ष वापरात तो पार्ट असा कधीच झाला नसता.

वेळेची आखणी कॅलेंडर समोर ठेवून करा. सोमवारी सकाळी अकराला टाकलेलं १६८ तासांनी पुढच्या सोमवारी अकराला निघतं, मागेपुढे २ तास चालतात. ७२ तासांना मात्र उशिराची मुभा नाही, दोन तास लवकर काढलं तर चालतं. गुरुवारी टाकलं तर ७२ तास रविवारी भरतात, शेड बंद असते, आणि माल सोमवारपर्यंत आत राहतो. मग रिपोर्टवर ७२ लिहिलं जातं आणि प्रत्यक्षात नव्वदेक तास झालेले असतात.

उन्हाळ्यात वीज जाते हे धरूनच चाला. ओव्हनला तापमान नोंदवणारा लॉगर असेल तर उत्तम, नसेल तर निदान भिंतीवरचं विजेवर चालणारं घड्याळ त्याच लाइनवर लावा. ते मागे पडलं की किती वेळ वीज नव्हती ते कळतं. दहा मिनिटं गेली तर नोंद करून पुढे जा. रात्रभर गेली तर टेस्ट रद्द, "तेवढे तास वाढवून घेऊ" असला हिशेब करू नका.

६. बाहेर काढल्यावर

गरम तुकडे पाण्यात बुडवू नका, कूलरच्या झोतात धरू नका, ओढूनताणून "अजून लवचिक आहे का" बघू नका. सपाट जागी, न ताणता, न दाबता ठेवा. किमान १६ तास आणि जास्तीत जास्त ६ दिवस. सोमवारी अकराला काढलेलं मंगळवारी सकाळी मोजा. लॅबने पुढच्या बुधवारी नंबर दिला तर तो घेऊ नका, दुसरी लॅब शोधा.

मग तीच खोली, तोच माणूस, तेच शोअर. आता लांबीच्या रेघा मारा आणि टेन्साइल घ्या. अरुंद भाग ६ किंवा ४ मिमीचा डंबेल असेल तर ओढायचा वेग मिनिटाला ५०० मिमी, आधीही आणि नंतरही. जो डंबेल पकडीतच तुटला त्याचा आकडा टाकून द्या आणि जास्तीच्या दोनांतला घ्या. ते त्यासाठीच होते.

७. हिशेब, आणि त्यातल्या तीन नेहमीच्या चुका

समजा टेन्साइल आधी १६.० मेगापास्कल, नंतर १३.२. बदल उणे १७.५ टक्के. इलाँगेशन आधी ४५०, नंतर ३३०. बदल उणे २६.७ टक्के. शोअर आधी ६०, नंतर ६६. बदल अधिक ६ पॉइंट.

पहिली चूक: शोअरची टक्केवारी काढणं. ६० चा ६६ म्हणजे "१० टक्के" नव्हे, ६ पॉइंट. मर्यादा पॉइंटमध्येच दिलेली असते.

दुसरी चूक: किती उरलं आणि किती घटलं यात गल्लत. ८२.५ टक्के उरलं म्हणजे १७.५ टक्के घटलं. ड्रॉइंगवर नेमकं काय मागितलंय ते वाचा, नाहीतर चांगला माल नापास म्हणून परत येतो.

तिसरी चूक सगळ्यात फसवी: "शोअर साठचा साठच राहिला, म्हणजे काही झालं नाही." नॅचरल रबरात साखळ्या तुटणं आणि गाठी वाढणं एकाच वेळी चालतं, दोन्हींचा परिणाम एकमेकांना झाकतो, आणि शोअर जिथल्या तिथे राहतं. रबराचं खरं दुखणं इलाँगेशन आधी सांगतं. मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी इलाँगेशन निवडेन.

८. गॅस्केट असेल तर कम्प्रेशन सेट

छोटं बटण १३ मिमी व्यासाचं, ६.३ मिमी जाड. दोन पॉलिश केलेल्या स्टीलच्या प्लेटींमध्ये स्पेसर (ठरलेल्या जाडीचे तुकडे) लावून २५ टक्के दाबायचं, ठरलेल्या तापमानावर ठरलेले तास ठेवायचं. वेळ संपली की जिग (प्लेटींची ही जोडणी) लगेच उघडा, बटणं लाकडी फळीवर ठेवा आणि बरोबर ३० मिनिटांनी जाडी मोजा. लोखंडी टेबलावर ठेवली तर ती झटकन गार होतात आणि दबलेल्या आकारातच अडकतात. जिग बंद ठेवूनच गार केला तर आकडा भलताच वाढतो.

हिशेब: आधीची जाडी ६.३०, स्पेसर ४.७३, नंतरची ५.८३. गमावलेली जाडी ०.४७. तिला भागायचं ते जेवढं दाबलं होतं त्याने, म्हणजे १.५७ ने. उत्तर ३० टक्के. बरेच जण मूळ जाडीने, ६.३ ने भागतात आणि साडेसात टक्के लिहून खूश होतात. एवढा सुंदर आकडा साध्या कंपाउंडला आला की आधी भागाकार तपासा.

९. ओझोन

खरी टेस्ट चेंबरशिवाय होत नाही. नेहमीच्या अटी म्हणजे पट्टी २० टक्के ताणलेली, ४० अंश, दहा कोटी भाग हवेत ५० भाग ओझोन, आणि भेगा सातपट भिंगातून पाहायच्या. चेंबरआधी ताणलेली पट्टी अंधारात, ओझोन नसलेल्या जागी ४८ ते ९६ तास ठेवायची असते, तेवढ्यात रबरात मिसळलेलं मेण पृष्ठभागावर येऊन थर धरतं. लॅबने हा टप्पा गाळला का ते विचारा.

घरच्या घरी फक्त तुलना होते. जुन्या आणि नव्या कंपाउंडच्या पट्ट्या लाकडी फळीवर सारख्याच ताणून गच्चीवर, सावलीच्या बाजूला ठेवा आणि आठवड्याला एकदा पाहा. भेगा ताणाच्या बरोबर काटकोनात, समांतर रेघांसारख्या असतील तर ओझोन. वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखी वेडीवाकडी जाळी दिसली तर ते उन्हाचं काम. तिला ओझोन म्हणून कंपाउंडवर खर्च करू नका.

१०. "किती वर्षं टिकेल?"

पार्टी हे विचारणारच. ७० अंशांवरच्या सात दिवसांना कुठल्याही गुणकाने गुणून वर्षं निघत नाहीत. आयुष्याचा अंदाज हवा असेल तर किमान तीन वेगवेगळ्या तापमानांवर, प्रत्येकी वेगवेगळे तास ठेवून मापं घ्यावी लागतात आणि मग आर्हेनियसचा आलेख (तापमानाप्रमाणे झिजण्याचा वेग कसा बदलतो ते दाखवणारा). त्यातही ओझोन, तेल, ऊन धरलेलं नसतं. एका तापमानाच्या रिपोर्टवर इतकंच लिहा की हा माल मागच्या मंजूर बॅचच्या तुलनेत बरा, तसाच की वाईट. कोराडीच्या वीजकेंद्रासाठी असो की कूलरच्या पंपासाठी, एवढंच खात्रीने सांगता येतं.

११. उरलेले तुकडे

प्रत्येक बॅचचे चार न वापरलेले तुकडे खाकी पाकिटात, न दुमडता, अंधाऱ्या आणि थंड कपाटात ठेवा. मोटर, वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडरपासून लांब, कारण ठिणगी उडते तिथे ओझोन तयार होतो. पाकिटाला स्टेपलर चालेल, पितळी क्लिप नको, त्यात तांबं असतं. आणि पाकिटावर तारीख मोल्डिंगची लिहा, ओव्हनमध्ये टाकल्याची नव्हे. सहा महिन्यांनी तक्रार आली की पार्टी तीच विचारते.